पेत्रमासेला माहेरी

सोमवार, ३० सप्टेंबर २०२४

कल्याणला सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चढले तेव्हा डब्यातली निम्मी माणसं झोपली होती. गौरीचे बाबा खिडकीशी उभे राहून पाण्याची बाटली घेतली का, गोळ्या घेतल्या का, हे दोन-दोनदा विचारत होते. 'नक्की जातेस ना?' एवढं मात्र त्यांनी विचारलं नाही. आठवडाभर तोच प्रश्न घरात फिरत होता, आम्ही दोघं त्याला वळसा घालून वावरत होतो.

गेल्या साडेपाच वर्षांत मी सोलापूरला चार-पाचदा गेले असेन. एक लग्न, अम्माचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एक दहावा. पण भाद्रपद अमावास्या ते दुर्गाष्टमी या नऊ दिवसांत एकदाही गेले नाही. या दिवसांत सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, बतुकम्मा असते. फुलांची उतरंड रचायची, तिच्या टोकावर हळदीची गौरम्मा बसवायची आणि भोवती फेर धरून गायचं. गाण्यात दर दोन ओळींना तिचं नाव. माझी गौरी ९ मार्च २०१९ला गेली. ब्लड कॅन्सर होता. चौदा महिने झुंजली. चोवीस वर्षं आणि पाच महिन्यांची होती.

ती गेल्यावर घरातून तिचं नावही गेलं. कुणी ठरवून केलं नाही. मला त्रास होईल म्हणून बाकीचे घेत नव्हते, त्यांना त्रास होईल म्हणून मी घेत नव्हते. 'ती असताना', 'तेव्हा', 'त्या वर्षी' असं बोलता-बोलता नाव मागेच राहिलं. दरवर्षी सर्वपित्रीला सासरी पान वाढलं जायचं, त्यावर तिच्या आवडीची कोथिंबीर वडी असायची. पण कुणासाठी वाढलं, ते तोंडानं कुणी म्हणायचं नाही.

गेल्या आठवड्यात अम्माचा फोन आला. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. फोनवर फार बोलत नाही. म्हणाली, "पेत्रमासेला ये. फुलं आणायचीत." सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे पेत्रमासा म्हणतात, आणि बतुकम्माचा पहिला दिवसही तोच. मी म्हटलं, "बघते." त्यावर ती म्हणाली, "बघू नको. ये."

दौंड गेलं तेव्हा मी जागीच होते.

मंगळवार, १ ऑक्टोबर

कुर्डुवाडीनंतर उजाडलं. रात्री पाऊस पडून गेलेला, माळ ओला. रुळांच्या कडेनं तरवडाची पिवळी झुडपं दिसायला लागली. तरवडाला आम्ही तंगेडू म्हणतो. बतुकम्माचं पहिलं फूल हेच. मी खिडकीची काच खाली केली.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं सोडू अक्का?" कन्ना चौक म्हटलं, आणि का कोण जाणे, चार पुतळ्यांवरून घ्यायला सांगितलं. वाट थोडी वाकडी होते. तो म्हणाला, "जाऊ की." मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. ही नावं मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहेत, कारण आमची अव्वा, म्हणजे नान्नांची, माझ्या वडिलांची आई, ती म्हणून दाखवायची. मे १९३०मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा ती आठ वर्षांची होती. गांधी टोपी दिसली की धरून नेत होते. तिच्या बापानं आपली टोपी सुताच्या लडीत खुपसून ठेवली आणि वर पोरीला बसवलं. शिपाई दारात उभे, आणि ही लडीवर बसून सागरगोटे खेळतेय. अव्वा हे सांगताना आजही त्या लडीवरच बसली आहे असं वाटायचं. दर १२ जानेवारीला ती आम्हाला घेऊन या चौकात यायची आणि चारही नावं एका दमात घ्यायची. म्हणायची, "नाव घेतलं की माणूस राहतो."

हे वाक्य रिक्षात आठवलं. त्याच रात्री त्याच अव्वाबद्दल मला काय ऐकावं लागणार होतं, याची तेव्हा कल्पना नव्हती.

आमचं घराणं पद्मशाली. पणजोबा निजामाच्या मुलखातून, करीमनगरकडच्या एका खेड्यातून चालत आले. सोलापूरची जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या उभ्या राहिल्या, आणि तेलंगणातली विणकर घरंच्या घरं इकडे आली. आजोबा घरच्या हातमागावर नऊवारी लुगडी विणायचे. नान्ना लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये लागले. अन्नानं, माझ्या थोरल्या भावानं, चार यंत्रमाग टाकले, त्यावर जकार्ड बसवून चादरी काढल्या. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या आळीत कानडी. माझं शिक्षण मराठीत झालं, पोस्टातली नोकरी मराठीत झाली, लग्न मराठी घरात झालं. पण दुखलं की तोंडून 'अम्मा' निघतं. गौरीच्याही तोंडून तेच निघायचं, आणि डोंबिवलीच्या शेजारणींना त्याचं नवल वाटायचं.

एवढा इतिहास मी सांगू शकते. कोण कुठून आला, कोणत्या मिलमध्ये किती वर्षं होता. सगळे पुरुष आहेत हे या वेळी पहिल्यांदा जाणवलं. बायकांचं मोजमाप वेगळं. त्यांच्या विड्या मोजल्या जायच्या.

घरी पोचले. वदिनानं, माझ्या भावजयीनं, दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. अम्मा अंगणात सुपापुढे बसते तिथंच बसली होती. सूप आता नाही, ती जागा मात्र तिचीच आहे. तिनं माझा हात घेतला आणि अंगठ्यानं माझी नखं चाचपली. ही तिची जुनी सवय. आठ वर्षांची असल्यापासून विड्या वळल्यात तिनं. ओल्या फडक्यातलं तेंदूपान काढायचं, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक नखानं आत दाबायचं, दोरा. दिवसाला हजार. पंचविसाचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे. कट्ट्यात एक जरी कमी निघाली तरी चेकर अख्खा कट्टा छाटमध्ये टाकायचा. डाव्या अंगठ्याचं नख तिचं अजून तिरकं आहे.

दुपारी अन्नाबरोबर फुलं आणायला अक्कलकोट रोडला गेले. पूर्वी मागांची खटखट गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असायची, आता मध्येच एखाद्या घरातून येते. अन्नानं आपले माग तीन वर्षांपूर्वी भंगारात दिले. "किलोवर गेले," एवढंच म्हणाला. २००५मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यानंच गल्लीत पेढे वाटले होते.

माळावर तरवड भरपूर होता. शेताच्या बांधावर कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे. शेतकरी त्याला तण म्हणून उपटून टाकतात, आम्हाला तो गुनुगू म्हणून लागतो. अन्ना विळ्यानं कापत होता, मी जुड्या बांधत होते. मध्येच तो म्हणाला, "गौरीला हे तुरे आवडायचे नं? गुलाबी?" मी हो म्हटलं. साडेपाच वर्षांत त्यानं माझ्यासमोर पहिल्यांदा तिचं नाव घेतलं होतं. मग दोघंही बराच वेळ कापत राहिलो. बाजारातून झेंडू, शेवंती घेतली, आणि शेजारच्या परड्यातून भोपळ्याची पानं.

पहिल्या दिवसाची बतुकम्मा 'एंगिली पूला', म्हणजे उष्ट्या फुलांची. फुलं आदल्या दिवशी आणून रात्रभर पाण्यात ठेवतात, म्हणून ती उष्टी. घमेली, बादल्या, पितळी पातेलं, सगळं फुलांनी भरलं. अंगणात त्या ओल्या देठांचा उग्र वास पसरला.

वदिना हळदीचा डबा काढून ठेवत हलक्या आवाजात म्हणाली, "उद्या गौरम्मा तुम्ही करता का? अम्मा करत नाहीत हो. पाच वर्षं झाली. फुलं रचतात, गाणी सांगतात, पण हळदीला हात लावत नाहीत."

मला वाटलं, माझ्यासारखंच तिलाही सोसत नसेल.

रात्री अंगणात खाटेवर अम्मा आणि मी. अमावास्येच्या आदली रात्र, काळोख दाट. ती म्हणाली, "अन्नाच्या आधी एक होती."

"माहीत आहे मला." एक मूल गेलं होतं हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. 'आधीचं' म्हणायचे.

"नाव माहीत आहे?"

नव्हतं. कधी विचारलंही नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांची झाले, आणि सख्ख्या बहिणीचं नाव मला माहीत नव्हतं.

"गौरम्मा," अम्मा म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते सलग नाही सांगितलं. एखादं वाक्य, मग बराच वेळ गप्प. १९६३ साल. पोर तीन वर्षांची. गोवर निघाला, आत वळला, छातीत कफ धरला. नान्ना रात्रपाळीला. सकाळी कारखान्यात माल द्यायचा होता, हजार पुरे व्हायला दीडशे-दोनशे कमी होत्या. "मांडीवर घेऊन वळत बसले. घरघर ऐकू येत होती. म्हटलं, झोपलीय तोवर कट्टे बांधून घेते. पहिल्या भोंग्याला बघितलं, घरघर थांबलेली." पोटात तेव्हा अन्ना होता, चौथा महिना. अव्वानं दुसऱ्याच दिवशी बजावलं, की या पोरीचं नाव घरात घ्यायचं नाही, पोटातल्याला बाधेल. तीच अव्वा. चार हुतात्म्यांची नावं घेणारी. तिनं वाईट हेतूनं केलं असं मला वाटत नाही. तिचे स्वतःचे दोन गेले होते. पण बंदी लागली ती लागलीच. अन्ना झाला, मी झाले, अव्वा गेली, नान्ना गेले, ती उठवायची कुणाला आठवण राहिली नाही.

"तुझी झाली तेव्हा..." अम्मा थांबली.

गौरी ऑक्टोबर १९९४मध्ये इथंच, सोलापुरात झाली. पहिलं बाळंतपण माहेरी. शेवटच्या दिवशीची सद्दुला बतुकम्मा उद्यावर आलेली, आणि आदल्या रात्री ही जन्मली. नाव अम्मानंच सुचवलं. आम्हाला वाटलं, दिवस तसा आहे म्हणून.

"मला वाटलं, परत आली. एकतीस वर्षांनी माझ्याच दारात आली. कुणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, या वेळी नाव घेईन, रोज घेईन. घेतलं पण. आणि तीही गेली." तिनं पदर तोंडाशी धरला. "मेलेल्या पोरीचं नाव ठेवलं मी तिला, बिड्डा. मीच ओढवलं. तुला तोंड कसं दाखवायचं म्हणून फोन करत नव्हते."

खरं सांगते, पहिल्यांदा मला राग आला. नावाचा नाही. साडेपाच वर्षं मला वाटत होतं, माझ्या आईला माझ्या दुःखाशी दोन शब्द बोलता येत नाहीत. आजारपणात ती एकदाच आली होती. वॉर्डाच्या दारात उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. मी ते मनात धरून ठेवलं होतं. आणि ती दारात उभी होती ती या भीतीनं, की आपण नाव घेतलं तर पोर जाईल.

मी तिला सांगितलं की अम्मा, हाडाच्या पोकळीत रक्त तयार होतं, तिथं बिघाड झाला होता. त्याला नाव लागत नाही. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून सांगितलं होतं. ती ऐकत होती. पटलं की नाही, माहीत नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "चोवीस. कट्टा पंचविसाचा असतो."

त्यानंतर आम्ही दोघी एकाच चादरीत झोपलो. सोलापुरी चादर जड असते, अंगावर कुणीतरी हात ठेवल्यासारखी. गौरीनं हॉस्पिटलात हीच मागितली होती, अन्नाच्या मागावरची, मोराची. वॉर्डात बाहेरचं कापड चालत नाही म्हणून परत पाठवली. शेवटच्या आठवड्यात एका नर्सनं स्वतः धुऊन, वाळवून आत आणू दिली. चादरीला उलट-सुलट नसतं. वर निळ्यावर पांढरा मोर असेल तर खाली पांढऱ्यावर निळा. गौरी दिवसातून दोनदा ती उलटी करायला लावायची. "आता रात्र झाली," म्हणायची, आणि निळी बाजू वर घ्यायची.

बुधवार, २ ऑक्टोबर, पेत्रमासा

सकाळी एकटीच मार्कंडेय मंदिरात गेले. पद्मशाली लोक स्वतःला मार्कंडेयाच्या कुळातले मानतात. नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो, तेव्हा अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. मृकंडू आणि मरुद्वतीनं सोळाच वर्षांचं आयुष्य असलेला, पण गुणी मुलगा मागून घेतला. सोळावं भरलं, यम आला, पोरानं शिवलिंगाला मिठी मारली, यमाचा फास लिंगावर पडला, शंकर प्रकट झाला, पोर वाचलं. लहानपणी गौरी ही गोष्ट झोपताना रोज मागायची. दुसऱ्या केमोनंतर तिनं पुन्हा मागितली. मी सांगितली. यमाच्या फासापर्यंत आले आणि पुढचं सांगताना माझा आवाज फुटला. ती म्हणाली, "अगं, सांग की पुढं. मला माहितीये काय होतं ते."

तेव्हापासून या देवळाची पायरी चढले नव्हते. आज चढले. मूर्तीकडे पाहून हात जोडले, पण काही मागितलं नाही, भांडलेही नाही. मरुद्वतीचा विचार मनात आला. सोळा वर्षं रोज सकाळी पोराचं तोंड पाहताना ती दिवस मोजत असेल. चौदा महिने मी तेच केलं. तिचं पोर सुटलं, माझं नाही. पण ते मोजणं आम्हा दोघींना ठाऊक आहे.

घरी आले तर पानाची तयारी झालेली. वरण-भात, अळूची भाजी, वडे, खीर. अन्नानं पान वाढून पाणी फिरवलं आणि नावं घ्यायला सुरुवात केली. नान्ना, आजोबा, पणजोबा. मग अव्वा. तो हात जोडून उठणार तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून अम्माचा आवाज आला.

"गौरम्मा. आणि गौरी."

अन्नानं वळून पाहिलं. "कोण गौरम्मा?"

"तुझी अक्का."

एकसष्ट वर्षांचा माणूस, नातवंडं असलेला, पानापुढे तसाच अर्धवट उठून उभा होता. मग परत बसला. त्यानं पाणी हातात घेतलं आणि दोन्ही नावं घेतली. 'गौरम्मा' म्हणताना तो अडखळला. पहिल्यांदाच तोंडात येणारं नाव होतं ते. 'गौरी' मात्र त्यानं अगदी सरळ घेतलं, हाक मारताना घ्यायचा तसं.

संध्याकाळी चारला फुलं रचायला बसलो. पितळी ताटात भोपळ्याची पानं पसरायची. त्यावर तरवडाचा पहिला थर, देठ आत, फूल बाहेर. मधल्या पोकळीत कापलेली देठं, पाला दाबून भरायचा, नाहीतर वरचा थर खचतो. मग कुरडू, काही पांढरा, काही गुलाबी रंगात बुडवलेला. झेंडू, शेवंती, पुन्हा तरवड. प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर आत. अम्मा रचताना पुटपुटत होती. कान दिला तर ती मोजत होती. पंचवीस झाले की किंचित थांबायची, पुन्हा एकपासून. तेंदूपान सोडून वीस वर्षं झाली, बोटं अजून कट्ट्यातच मोजतात.

बतुकम्माची गोष्टही तिनं मध्येच सांगितली, चिन्नीसाठी. चिन्नी म्हणजे अन्नाची नात, सहा वर्षांची. धर्मांगद राजा आणि सत्यवती राणीची शंभर पोरं गेली. नंतर मुलगी झाली. ऋषींनी तिला आशीर्वाद दिला, 'बतुकू', म्हणजे जग. म्हणून बतुकम्मा. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल, आणि दर वेळी मुलगी जगली याचाच आनंद मानला. आज अम्मा सांगत होती तेव्हा मला ती शंभर पोरं दिसली. त्यांची नावं गोष्टीत नाहीत.

वदिनानं हळदीची वाटी आणून मध्ये ठेवली आणि काही न बोलता उठून गेली.

मी हळदीत पाणी घातलं. जास्त झालं, पातळ झालं. अम्मा म्हणाली, "थेंबथेंब घाल गं." मी आणखी हळद टाकली, मळली. गोळा बोटांना चिकटत होता. तळवा आणि चार बोटांमध्ये धरून शंकूसारखा आकार द्यायचा असतो, वर निमुळता, खाली बसका. माझा एका बाजूला कलायला लागला. अम्मानं हात पुढं केला, मागे घेतला, पुन्हा पुढं केला. मग माझ्या हातासकट तो गोळा आपल्या मुठीत घेतला. तिचा तिरक्या नखाचा अंगठा खालून वर फिरला, विडीचं टोक दाबताना फिरायचा तसाच. गौरम्मा उभी राहिली. अम्मानं कुंकवाचं बोट लावलं. तिचा हात थरथरत नव्हता. माझा थरथरत होता.

वर भोपळ्याचं पिवळं फूल, त्यात गौरम्मा.

अंधार पडता-पडता गल्लीतल्या बायका आपापल्या बतुकम्मा घेऊन चौकात आल्या. अकरा ताटं मध्ये मांडली. फेर धरला. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या 'उय्यालो' म्हणतात; उय्याला म्हणजे पाळणा. दोन पावलं पुढं, वाकून टाळी, एक पाऊल मागं. लहानपणी पायांना ठाऊक असलेलं पायांनी आपोआप उचललं. आणि ते नाव आलं. गौरम्मा. पुन्हा आलं. पुन्हा. मला वाटलं होतं तसं मी कोसळले नाही. रडले, भरपूर रडले, पण फेर सोडला नाही. शेजारच्या बाईनं टाळीच्या मधल्या वेळात माझा दंड धरला आणि पुढच्या टाळीला सोडला. अनोळखी नव्हती, माझ्याच वर्गातली होती. मीही 'उय्यालो' म्हटलं. आधी नुसते ओठ हलत होते, मग आवाज आला. साडेपाच वर्षं जे नाव घशात अडकवून ठेवलं होतं, ते पन्नास बायका पाळण्यात घालून झोके देत होत्या.

अम्मा खुर्चीवर बसली होती. टाळी वाजवत होती, मांडीवर.

चौकातल्या मंडळानं हौद भरून ठेवला होता. विसर्जनाआधी गौरम्मा काढून तिची हळद बायकांनी वाटून घेतली. माझ्या वाट्याची मी गळ्यातल्या मण्यांना लावली, उरलेली अम्माच्या दोन्ही गालांना. नान्ना गेल्यापासून तिला कुणी हळद लावत नाही. आजूबाजूला दोन-तीन जणी क्षणभर थांबल्या. मग एकीनं पुढं होऊन तिच्या पायांनाही लावली. तीळ-गुळाची पूड हातावर आली. फुलं पाण्यात सोडली. कुरडूचे तुरे शेवटपर्यंत वर तरंगत राहिले.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आज घटस्थापना. पहाटे वदिना आणि सून रूपाभवानीला चालत जाऊन आल्या. मी झोपले होते. साडेसातपर्यंत. अशी झोप कधी लागली होती, आठवत नाही.

दुपारी अम्मानं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. नान्नांचा मिलचा पास, विडीची पासबुकं, आणि सगळ्यात खाली घडीवर फाटलेलं एक रेशन कार्ड, १९६२चं. शाई तपकिरी झालेली. कुटुंबातल्या माणसांची यादी. चौथ्या ओळीत 'गौरम्मा, वय २'. त्यावर आडवी रेघ, आणि बाजूला वेगळ्या हातानं लिहिलेलं 'कमी'.

जन्माचा दाखला नाही, फोटो नाही. एकसष्ट वर्षं तिचं नाव फक्त या कागदावर होतं, तेही रेघेखाली. अम्माला वाचता येत नाही. तिनं बोट बरोबर त्या ओळीवर ठेवलं.

आमच्या डोंबिवलीच्या कपाटात एक अर्ज पडून आहे, रेशन कार्डातून नाव कमी करण्याचा. २०१९च्या जूनमध्ये आणलेला. गौरीच्या बाबांनी अर्धा भरला, 'कमी करावयाच्या सदस्याचे नाव' या रकान्यापाशी पेन थांबलं. दोघांपैकी कुणीच तो पुन्हा हातात घेतला नाही.

त्यांना फोन लावला. अम्माचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "गौरीला माहीत असतं तर तिनं अम्माला खूप चिडवलं असतं. म्हणाली असती, मी काय सेकंड हँड आहे का?" आणि हसले. मग फोनवर त्यांचा रडण्याचा आवाज आला, बराच वेळ. मी फोन कानाला धरून ठेवला.

निघताना वदिनानं शेंगा चटणी, कडक भाकऱ्या बांधून दिल्या. अन्नानं मोराची चादर पिशवीत घातली, शेवटच्या लॉटातली. गाडी रात्रीची, पण रिक्षा आधीच येऊन थांबलेली. चिन्नी माझ्या हाताकडे बघत होती. एक दिवस झाला तरी नखांच्या कडांना हळद पिवळी होती.

"आत्याआजी, गौरी कशी होती?"

मी पिशवी खाली ठेवली. कुठून सुरुवात करावी हे सुचेना. अम्मा खाटेवरून म्हणाली, "थोरली की धाकटी? नीट विचार तिला."